चार नंबरचा नमुना

आमच्या नमुनेखोलीत नावाला बंदी होती. या लेखातही मी कोणाचं नाव घेणार नाही, माझंसुद्धा नाही. खोड तिथलीच आहे.

अकोल्याला एका मुंबईच्या कंपनीचा, कापसाची सरकी काढून गाठी बांधायचा, जिनिंग-प्रेसिंग कारखाना होता. हंगामात कापसाच्या बैलगाड्या आवारात लागायच्या. प्रत्येक गाडीतून चार जागचा मूठ-मूठ कापूस काढायचा, निळ्या कागदात गुंडाळायचा आणि वर लाल पेन्सिलीने नंबर टाकायचा. कोणता नंबर कोणाच्या गाडीचा, ते एका वहीत लिहिलेलं असे आणि ती वही पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद. मग ती पुडकी माझ्या टेबलावर येत. मी सिलेक्टर. म्हणजे कापूस हातात घेऊन, धागा ओढून, त्याची लांबी आणि ताकद पाहून प्रत ठरवणारा माणूस. मी प्रत लिहिली की भाव ठरायचा आणि भाव ठरल्यावरच पेटी उघडून नाव वाचलं जायचं. नंबर उघडला की सौदा पक्का, हा आमच्या आवाराचा कायदा. गाडी मग कोणाचीही निघो, भाव हलत नसे.

हा कायदा कंपनीने पुण्य म्हणून केलेला नव्हता. आधीच्या काळात मोठ्या घरचा डागी, किडका कापूस, ज्याला आम्ही कवडी म्हणतो, तो पहिल्या प्रतीचा म्हणून घेतला जाई आणि मुंबईला गाठी फोडल्या की बोंब व्हायची. माणसाचं तोंड पाहून कापूस घेतला की गिरणी बुडते, एवढं मालकांना कळलं होतं. माणसं घेताना मात्र तोंड पाहिल्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं.

पेटीची किल्ली ज्याच्या करदोट्याला बांधलेली असे, त्याला सगळे पाटील म्हणायचे. हिवरखेडकडचा, थोडीशी काळी जमीन असलेला, पन्नाशीचा कुणबी. लिहिण्यावाचण्यापुरती अक्षरं येत होती, पण वहीत कधी खाडाखोड नसे. कोणी गंमत म्हणून जरी विचारलं, की पाटील, हा सतरा नंबर कोणाचा, तर तो सरळ अंगावर यायचा. मला तो ‘सिलेक्टर’ म्हणायचा. साहेब नाही, भाऊ नाही, नावाने तर नाहीच. खोलीच्या कोपऱ्यात त्याचं पाण्याचं मडकं होतं. त्यातलं पाणी मला त्याने कधी दिलं नाही, आणि मी प्रत लावायला बसलो असताना कोणा बड्या माणसाची चिठ्ठीही कधी आत येऊ दिली नाही. दोन्ही गोष्टींत सारखाच काटेकोर. मला त्याचा राग यायचा आणि त्याच्यावाचून माझं चालायचंही नाही.

कापूस मला आईने शिकवला. परतवाड्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात ती दुसऱ्यांच्या शेतांत वेचणीला जायची आणि मी तिच्या ओटीशी. कोणत्या बोंडातला कापूस दाट, कोणता नुसता फुगीर, हे तिला न पाहता कळायचं. पुढे अमरावतीला वसतिगृहात राहून शिकलो, कॉलेज केलं, छप्पन साली नागपूरला जाऊन घरच्या सगळ्यांबरोबर बौद्ध झालो आणि त्यानंतर वर्षभरात या कंपनीत लागलो. सिलेक्टरच्या जागेसाठी तेव्हा कोणी भांडलं नाही. ते काम धुळीत बसून करायचं असतं.

भांडण होतं ते मॅनेजरच्या खुर्चीचं. ती खुर्ची मला हवी होती. हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही, कारण आपल्याला काही हवं आहे हे बोलून दाखवायची आमच्याकडे सवय नव्हती. पण हवी होती, आणि फार हवी होती. दोनदा साहाय्यक मॅनेजरची जागा निघाली, दोनदा मी अर्ज केला आणि दोन्ही वेळा मुंबईहून कोणीतरी पाठवलं गेलं. त्यातल्या एकाला ओला कापूस कसा ओळखावा हे मीच शिकवलं. तो पुढे दुसऱ्या गावी मॅनेजर झाला आणि जाताना मला फाउंटन पेन देऊन गेला. ते पेन मी सहा महिने कपाटातून काढलं नाही.

आमचे मॅनेजर कोकणातले. भला माणूस, पण मांजर आडवं गेलं तरी मुंबईला पत्र टाकून विचारणारा. दुसऱ्या वेळी अर्ज फेटाळला गेला तेव्हा त्यांनी मला खोलीत बोलावून दार लावलं.

“तुमच्या कामात काही कमी नाही हो,” ते म्हणाले. “पण मॅनेजरला व्यापाऱ्यांत बसावं लागतं. ते घरी जेवायला बोलावतात. आणि अशा वेळी...”

पुढचं वाक्य त्यांच्याने पुरं होईना, म्हणून मीच केलं. “अशा वेळी मी उपाशी राहीन साहेब. सवय आहे मला.”

ते हसले नाहीत. मान खाली घालून टेबलावरची टाचणी उचलत राहिले. मला त्यांची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचाच संताप आला.

साठ सालानंतर दोन-तीन हंगाम गेले आणि मॅनेजर निवृत्त व्हायची वेळ आली. एव्हाना मुंबईच्या लोकांना उंटावरून शेळ्या हाकण्याचा कंटाळा आला असावा. तिथून पाठवलेले दोन जण वऱ्हाडातल्या उन्हाला भिऊन पळाले होते. तेव्हा हुकूम आला की या वेळी इथल्याच माणसांतून निवडायचं. प्रत्येक उमेदवाराने तेच दहा नमुने पाहून प्रत लिहायची, आणि हंगाम कसा चालवाल, यावर स्वतःच्या हाताने मराठीत दोन पानं लिहायची. शेतकऱ्याशी मराठीतच बोलायचं आहे, असं त्यात म्हटलं होतं. ते कागद मुंबईला जाणार आणि निवड तिथे होणार.

आम्ही पाच जण होतो. त्यांतला एक प्रेसमधला तरुण सुपरवायझर पाटलाच्याच गावचा, त्याच्याच जातीचा. हुशार होता, उगाच नाव कशाला ठेवू.

उत्तराच्या कागदाच्या वरच्या अंगाला एक पट्टी छापलेली होती: नाव, वय, शिक्षण, जात, आणि मॅनेजरचा शेरा. मी जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिलं. हेडक्लार्कने चष्मा कपाळावर चढवला.

“हा तं धर्म झाला. जात लिवा. पहिलेची.”

“पहिलेची पहिलेच गेली.”

“अशी कुठी जाते का जात?”

“तुमची नसन जात. आमची गेली,” मी म्हटलं आणि तिथून निघालो. रागाच्या भरात मीही अस्सल वऱ्हाडीवर आलो होतो. हेडक्लार्कने माझ्या मागे पेन्सिलीने कंसात जुनी जात लिहून ठेवली, हे मला नंतर कळलं.

दोन पानं मी तीनदा लिहिली. पहिल्यांदा अशी मराठी लिहिली की पुण्याच्या माणसालाही घाम फुटावा. बायको नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. तिने वाचलं आणि कागद माझ्या पुढ्यात टाकला.

“अजी, हे तुमी लिवलं का कोन्या तहसीलदारानं? तुमाले जे सांगाचं हाये ते काहून नाई लिवत?”

“काय सांगायचं आहे मला?”

“रोज घरी येऊन मले सांगता तेच. गाड्यांचं.”

गाड्यांचं असं होतं. नमुन्याला नंबर होता, पण आवारात शिरणाऱ्या गाडीला नव्हता. मोठ्या घरची गाडी आली की फाटक उघडायचं. लहान माणसाची गाडी बाहेर रस्त्यावर बैलांसकट उभी. माझा मामा एकदा सकाळपासून दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत तसा उभा होता आणि मी, त्याचा शिकलेला भाचा, आत टेबलावर बसून कापसाच्या प्रती लावत होतो. मी बाहेर गेलो तेव्हा तो म्हणाला, “तू जाय आत. तुह्यं काम खोटी होते.” ते शब्द मला आजही टोचतात.

मग मी तेच लिहिलं. गाड्या नंबराने आत घ्या, नावाने घेऊ नका. बाहेर उभ्या राहणाऱ्या बैलांना सावली आणि पाणी द्या. कापूस उन्हात वाळून आणि दवात भिजून बिघडतो, त्यात नुकसान कंपनीचंच आहे. साधं, वेडंवाकडं लिहिलं. बायकोने वाचून घडी घातली आणि म्हणाली, “आता कसं तुमच्यासारखं वाटते.”

कागद दिले त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजर मुलीच्या लग्नाची बोलणी करायला अमरावतीला गेले. जाताना हेडक्लार्कला सांगून गेले की पाचही जणांचे कागद नमुन्यांबरोबर मुंबईला पाठवा. हेडक्लार्कने गठ्ठा नेऊन पाटलापुढे ठेवला, कारण मुंबईला जाणारं प्रत्येक पुडकं त्याच्याच हातून जायचं.

आणि पाटलाने पंधरा वर्षांत जे केलं होतं तेच केलं. कात्री घेतली, पाचही कागदांच्या वरच्या पट्ट्या कापल्या, कागदांवर लाल पेन्सिलीने एक ते पाच नंबर टाकले, पट्ट्यांवरही तेच टाकले, नावं वहीत चढवली, पट्ट्या पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि कागद निळ्या पुडक्यात बांधून रवाना केले.

मॅनेजर परत आले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी नमुनेखोलीतच होतो.

“अहो पाटील, हे काय करून बसलात? माणसांचे कागद होते ते!”

“नमुन्यासंगच देल्ले होते ना साहेब? नमुन्यावर नाव नसते.”

“पण माझा शेरा होता त्यावर!”

“तो बी ठेवला हाये पेटीत. जपून.”

पाटलाच्या चेहऱ्यावर चूक झाल्याची कसलीही खूण नव्हती. मला हसू आवरेना, म्हणून मी बाहेर जाऊन जिनच्या आवाजात मनसोक्त हसलो. मग आठवलं, की मॅनेजर आता नावांची यादी मुंबईला पाठवणार आणि सगळं जिथल्या तिथे जाणार. हसू तिथेच थांबलं.

यादी त्यांनी त्याच दुपारी लिहिली: पाच नावं, पाच जाती, पाच शेरे. नंबर कुलपात होते, पण यादी पाहिली की मुंबई तेही मागवणारच. पुढचे काही दिवस मी रोज टपालाच्या थैलीकडे पाहायचो. कोणाला विचारायची सोय नव्हती. घरी जेवण जात नव्हतं आणि बायको काही बोलत नव्हती, जे तिच्या स्वभावात अजिबात बसत नाही.

मग मुंबईहून तार आली. ‘चार नंबर पसंत. नाव कळवा.’

मॅनेजर, हेडक्लार्क आणि आम्ही पाच जण, सगळे नमुनेखोलीत जमलो. कोणता नंबर कोणाचा, हे पाटलाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पाटलालाही आठवत नव्हतं. नंबर डोक्यात ठेवायचे नसतात, वहीत ठेवायचे असतात, असं तो म्हणायचा. त्याने करदोट्याची किल्ली काढली, पेटी उघडली, वहीचं पान काढलं आणि चारच्या आकड्यावर बोट ठेवलं.

बोट तिथेच राहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वहीत पाहिलं आणि माझं नाव वाचलं. माझं, माझ्या बापाचं आणि आडनाव, एकेक अक्षर लावत. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

हेडक्लार्क खाकरला.

“पाटील, एकडाव पुन्ना पाहून घ्या बरं. चार हाये का पाच?”

पाटलाने वही धाडकन मिटली. “माह्या वहीत चूक नाई निघत. पंधरा वर्सांत नाई निघाली.”

त्याला माझी निवड झाल्याचा आनंद झाला नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. पण वहीवर कोणी शंका घ्यावी, हे त्याला त्याहून सहन होत नव्हतं. मी त्या क्षणी त्याच्या पाया पडलो असतो. पडलो नाही, ते बरंच झालं.

नाव मुंबईला कळलं आणि आठवड्यात तिथला एक अधिकारी आला. पांढरे बूट घालून कापसाच्या आवारात आला, यावरूनच काय ते समजावं. पण माणूस मूळचा कापसातलाच, धागा ओढून पाहायची रीत त्याच्या बोटांत होती. त्याने मला, मॅनेजरांना आणि पाटलाला एकत्र बसवलं. पाटलाला वहीसाठी.

“तुम्ही लावलेली प्रत आणि लिहिलेली पानं, दोन्ही सर्वोत्तम आहेत,” तो मला म्हणाला. “वाद तो नाही. पण व्यवहार पाहावा लागतो. तुम्हालाच अडचण होईल. मोठे व्यापारी आहेत, जुन्या वळणाचे आहेत. मी तुमच्याच हिताचं सांगतोय.”

माझ्या हिताचं सांगणारी माणसं मला आयुष्यात इतकी भेटली आहेत, की त्यांची एक गाठ बांधता येईल. मी म्हटलं, “माझी अडचण माझ्याकडे राहू द्या साहेब. कंपनीची अडचण काय, ते सांगा.”

त्याने पाटलाकडे वळून सहज विचारल्यासारखं विचारलं, “दुसरा पसंतीचा कागद दोन नंबरचा होता. तो कोणाचा आहे?”

दोन नंबर त्या सुपरवायझरचा होता. पाटलाच्या गावचा. मला ते ठाऊक नव्हतं, पण पाटलाला आता ठाऊक होतं, कारण तार आली त्या दिवशी वहीचं ते पान त्याच्या डोळ्यांखालून गेलं होतं. त्याने नुसतं नाव उच्चारायचं होतं, काम झालं असतं. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. हात करदोट्याकडे गेला आणि थांबला.

“साहेब,” तो म्हणाला, “चार नंबर उघडला. एकडाव नंबर उघडला का सौदा पक्का. मंग दुसरं पुडकं सोडत नाई आमी.”

“अहो, तो कापसाचा नियम झाला.”

“मले दुसरा नियम मालूमच नाई.”

अधिकारी पाटलाकडे बघत राहिला. आणि मग ज्यांच्याकडून मी काहीच आशा धरली नव्हती, ते आमचे मॅनेजर बोलले. खिशातून त्यांनी एक बंद पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“नावांची यादी मी परत आलो त्याच दिवशी लिहिली होती,” ते म्हणाले. “तार येईपर्यंत टपालात टाकली नाही. का टाकली नाही, ते मलाही सांगता येणार नाही. पण आता मी निवृत्तच होतोय. यांची निवड योग्य आहे, असं माझं मत लिहून घ्या.”

भित्र्या माणसाचं धाडस मी तेव्हा पाहिलं. शूर माणसाच्या धाडसापेक्षा ते मला मोठं वाटतं.

अधिकाऱ्याने निळा कागद उचलला, त्यातला कापूस नकळत बोटांनी ओढून पाहिला आणि म्हणाला, “एक हंगाम. मग पाहू.”

मी घरी गेलो तो फणफणत. बाकीच्यांना खुर्ची मिळते, मला खुर्ची तपासून मिळते. एक हंगाम म्हणे! बायको भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, “एक तं एक. कापूस दरसाल येते. तुमी बसा तं खरं.”

बसलो. फाटकावर नंबराचे पत्र्याचे बिल्ले टांगले, बैलांसाठी हौद बांधला आणि मांडव घातला. पहिल्याच महिन्यात एका मोठ्या घराच्या गाड्या रांगेत थांबवल्या म्हणून माझी तक्रार मुंबईला गेली. व्यापाऱ्यांकडून जेवणाचं आमंत्रण दिवाळी उलटली तरी एकही आलं नाही. मी उपाशी राहिलो नाही, बायकोच्या हातचं जेवलो. पण लहान गाड्या वाढत गेल्या. तेल्हाऱ्याकडचे लोक वाटेतली आवारं सोडून आमच्याकडे यायला लागले, कारण आमच्याकडे नंबर लागतो, हे गावोगाव कळलं होतं. कापूस जिथे जातो तिथे व्यापाऱ्याला यावंच लागतं. हंगाम संपता संपता एका जुन्या व्यापाऱ्याने मला घरी बोलावलं. ताट सगळ्यांच्या पंगतीत होतं. वाढणाऱ्या बाईने वाटीत वरण जरा उंचावरून टाकलं, हेही मी पाहिलं. पाहिलं आणि दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं. खुर्ची कायम झाल्याचं पत्र त्यानंतर आलं. आवारात मात्र माझं नाव ‘चार नंबर साहेब’ पडलं ते पडलंच.

इथे हे थांबवलं असतं तर मी फार बरा दिसलो असतो.

पुढे तीन-चार वर्षांनी मला माझ्या हाताखाली साहाय्यक नेमायचा अधिकार मिळाला. आमच्याच समाजाचा एक मुलगा, अमरावतीच्या माझ्याच वसतिगृहात वाढलेला, माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याचे आईवडील घरी येऊन गेले होते. मी वचन दिलं नव्हतं, पण त्यांना बसवून चहा पाजताना माझा चेहरा काय बोलला असेल, हे मला ठाऊक आहे. आमच्यातल्या एकाला मी वर घेतलं नाही, तर दुसरं कोण घेणार होतं? यात मला आजही काही चूक वाटत नाही.

सहा जणांनी परीक्षा दिली. संध्याकाळी पाटील माझ्या टेबलावर निळी पुडकी ठेवून गेला. एक ते सहा. पट्ट्या कापलेल्या.

मी त्याला परत बोलावलं. “पाटील, या वेळी मला नावं पाहिजेत.”

तो निवृत्तीला आला होता. उभा राहिला, करदोट्याची किल्ली सोडली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

“घ्या. मॅनेजर हाय तुमी,” तो म्हणाला. दारापर्यंत गेला आणि वळला. “मले बी पाह्यजे होती नावं, तवा. आमच्या गावचं पोट्टं होतं त्यात. पट्ट्या कापतानी वाटलं का त्याचा कागद जरा वरतं ठेवाव. चांगलं लिवलेलं पाहून.”

“मग का नाही ठेवला?”

“कसा ठेवू? नमुना होता ना तो.”

तो गेला. किल्ली टेबलावरच होती. मला त्याचा असा राग आला, की बोलता सोय नाही. राग याचा, की ज्या माणसाने मला कधी पाणी दिलं नाही, त्याच्याकडून मला हे शिकावं लागत होतं. मग मी पुडकी उघडली, कागद वाचले, नमुने हातात घेतले आणि पाच नंबर बाजूला काढला. दुसरा तितका चांगला कागद त्यात नव्हता. सकाळी किल्ली पाटलाला परत दिली.

पाच नंबर शेंदूरजनाघाटचा निघाला, संत्र्याच्या बागा राखणाऱ्या घरातला. वसतिगृहातला मुलगा तीन नंबरचा होता. त्याच्या घरी मी स्वतः गेलो आणि सांगितलं. त्याच्या आईने मला चहा दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. तो पुढे सरकारी नोकरीत फार वर चढला, तरी ती माऊली मला आठवली की अजून कसंतरी होतं.

पाच नंबरला मी नमुनेखोलीत बोलावून घेतलं. पोरगा आत आला, नमस्कार केला आणि उभा राहिला. मी नाव विचारलं. त्याचे ओठ हलले, मान ताठ झाली, गळ्याची शीर फुगली, पण पहिलंच अक्षर अडलं. तो तोतरा होता. कागदावर कुठे त्याची खूण नव्हती. नुसती मुलाखत घेतली असती तर मी त्याला दोन मिनिटांत वाटेला लावलं असतं, वर त्याच्याच हिताचं सांगून. व्यापाऱ्यांत कसा बोलेल हा, एवढं माझ्या ओठांवर आलंसुद्धा होतं.

ते मी गिळलं. पाटील वही उघडून दाराशी उभा होता. नाव त्याच्यासमोर लिहिलेलं होतं, वाचून टाकलं असतं तरी चाललं असतं. त्याने वाचलं नाही. तो कोपऱ्यात गेला, आपल्या मडक्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पोराच्या हातात दिलं. मग दुसरा पेला भरून माझ्यापुढे ठेवला.

पोरगा पाणी प्यायला आणि त्याने पुन्हा नाव सांगायला सुरुवात केली. आम्ही दोघं ते पुरं होईपर्यंत थांबलो.